ग्वाल्हेरच्या वास्तू टिपायला निघताना: ऊन-सावलीची तयारी

इमारतीच्या फोटोतला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ आणि काळोख्या भागांतला फरक, संगणकापुढे बसून ठरवायचा असतो, असा पुष्कळांचा समज आहे. खरं तर भिंतीसमोर आपण किती वाजता उभे राहिलो, यावरच तो निम्म्याहून अधिक ठरून गेलेला असतो. म्हणून यादीत कॅमेऱ्याच्याही आधी भिंतीचं तोंड कुठे आहे ते लिहून ठेवावं.

किल्ल्यावर राजा मानसिंह तोमरानं बांधलेल्या मानमंदिर या राजवाड्याची निळ्या टाइलांची दर्शनी भिंत पूर्वाभिमुख आहे. सकाळी ती उजळते, दुपारनंतर सावलीत जाते. अगदी उगवतीचं ऊन समोरून पडतं. रंग सुरेख येतात, पण कोरीवकाम सपाट दिसतं. सूर्य थोडा वर चढू द्यावा. मग प्रत्येक पट्टीखाली, प्रत्येक सज्जाखाली सावलीची बारीक रेघ उतरते आणि दगडाला उठाव येतो. हा उठाव नंतर संगणकावरच्या कुठल्याही स्लायडरनं आणता येत नाही. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे या भिंतीवर ऊन तिरकं लागतं; माझ्या मते हेच दिवस सर्वांत चांगले. डिसेंबर-जानेवारीत धुक्याची तयारी मात्र मनाशी हवी. धुक्यातला फोटो डीहेझ या धुकं कमी करणाऱ्या स्लायडरनं ओढून ‘स्वच्छ’ करायला गेलं की टाइलांचा निळा भडकतो आणि आकाशावर डाग उठतात. त्यापेक्षा धुक्यातली इमारत धुक्यातलीच दाखवावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी यावं.

आदल्या रात्री बॅटरी, रिकामं कार्ड, पुसलेली लेन्स. कॅमेरा रॉवर, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद जपणाऱ्या फाइलवर, ठेवावा: जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. काळवंडलेला कोनाडा उजळवताना हा फरक डोळ्यांना दिसतो. पिक्चर स्टाइल (कॅमेऱ्यातली रंग-कॉन्ट्रास्टची ठरीव शैली) न्यूट्रल करावी, कारण मागच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, रॉवरून नव्हे, जेपीईजीवरून बनतो; स्टाइल भडक असेल तर तो उगाच घाबरवतो. सावल्या आपोआप उजळवणारी सोय बंद करावी. आयएसओ १००, अॅपर्चर एफ ८ च्या आसपास, दोन सेकंदांचा टायमर. पिशवीत ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायला लागणारा करडा पुठ्ठा, असू द्यावं. ट्रायपॉड न्यायचा तर परवानगीची चौकशी आधीच करावी, गेटवर हुज्जत घालण्यात सकाळचं ऊन निघून जातं.

जयविलास पॅलेससाठी वेगळी तयारी लागते. १८७४ सालचा हा पांढराशुभ्र राजवाडा कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर हमखास चुकवतो. मीटरला समोरचं सगळं मध्यम करडं हवं असतं, म्हणून ते पांढऱ्या भिंतीला राखाडी करून टाकतं. एक स्टॉप अधिक देऊन सुरुवात करावी, म्हणजे उजेड दुप्पट होतो, आणि उडालेले भाग लुकलुकून दाखवणारी सूचना चालू ठेवावी. उन्हातले खांब लुकलुकू लागले की तिसऱ्या हिश्शाच्या पायरीनं मागे यावं. काळोखातून काही ना काही परत मिळतं, दाणे आले तरी; पूर्ण पांढऱ्या झालेल्या जागी परत मिळायला काहीच उरलेलं नसतं.

मानमंदिरात आत शिरलं की उलटी अडचण येते: जाळीबाहेर लख्ख ऊन, आत अंधार. इथे ट्रायपॉडवरून दोन-दोन स्टॉपच्या फरकानं तीन फोटो घ्यावेत. ते जोडताना हात आखडता ठेवावा. कोपरान् कोपरा उजळवलेली खोली मला पाहवत नाही. त्या जाळ्यांचं काम ऊन गाळून आत सोडायचं आहे, आणि सावली गेली तर ते काम दिसेनासं होतं. शहराच्या लष्कर नावाच्या भागातल्या अरुंद गल्ल्यांत जुने वाडे टिपायचे असतील तर दोन्ही बाजू सावलीत असताना जावं, आकाश फ्रेममध्ये कमीत कमी घ्यावं.

घरी आल्यावर आधी पडद्याची चमक उतरवावी. फार उजळ पडद्यावर केलेलं काम कागदावर काळं येतं. लेन्सची वक्रता आणि कललेल्या उभ्या रेषा प्रथम सरळ कराव्यात, कारण कडा कापल्या गेल्या की चित्रातला उजेडाचा तोल बदलतो. मग ग्रे कार्डवरून व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल), त्यानंतर एक्स्पोजर (एकूण उजेड), मग हायलाइट्स (उजळ भाग). लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑल्ट दाबून व्हाइट्स आणि ब्लॅक्स सरकवले की नेमकी कुठली जागा उडते ते दिसतं. काळ्याचा एखादा ठिपका चालेल, दगडावर पांढऱ्याचा एकही नको. कॉन्ट्रास्ट सर्वांत शेवटी, कर्व्हनं, म्हणजे उजेडाची रेषा वाकवून. तो वाढला की रंगही गडद होतात, म्हणून निळी टाइल आणि तिच्याशेजारचा पिवळसर वालुकाश्म दोन्ही शंभर टक्के मोठे करून बघावेत. टाइल चमकायला लागली तर फक्त निळ्याचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) उतरवावं. कडा ठसठशीत करणारी क्लॅरिटी जपून वापरावी, घुमटांच्या कडेला आकाशात पांढरी झालर उमटली की ती जास्त झाली. छापायचं असेल तर आधी छोटी प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात खिडकीशी धरावी आणि सज्जाखालच्या सावलीत दगडाचा पोत दिसतो का ते तपासावं. दिसत नसेल तर शॅडोज थोड्या वर घेऊन मगच मोठी प्रिंट सांगावी.