डेटाबेस कनेक्ट होत नाहीये? पासवर्ड बदलायच्या आधी या चुका टाळा

डेटाबेसला लॉगिन होत नाही म्हटलं की बहुतेक जण पहिलं काम करतात ते पासवर्ड रीसेट. तेवढ्यानं नाही भागलं की फायरवॉल बंद, मग सर्व्हर रीस्टार्ट, मग कॉन्फिग फाईलमध्ये दिसेल ते बदल. एरर मेसेज मात्र कोणी नीट वाचत नाही, लाल अक्षरं दिसली की डोळे आपोआप त्यावरून घसरतात. मीपण हेच करायचो, आणि अशा भानगडीत माझा जेवढा वेळ गेलाय त्यातला बराचसा चुकीच्या ठिकाणी शोधण्यात गेलाय.

खरं तर त्या एका ओळीतच लिहिलेलं असतं की तुमची रिक्वेस्ट कुठपर्यंत पोचली होती. ती मशीनपर्यंत गेलीच नाही, की मशीनपर्यंत गेली पण तिथे डेटाबेस ऐकत नव्हता, की डेटाबेसनं ऐकून घेतलं आणि मग नाही म्हटलं. हे तीन वेगळे आजार आहेत, एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

टाइमआउट आणि रिफ्यूज्ड एकच समजणं

"कनेक्शन रिफ्यूज्ड" आलं तर खरं तर थोडं बरं वाटायला हवं, कारण समोरच्या मशीननं उत्तर दिलंय. उत्तर एवढंच की या पोर्टवर (मशीनच्या या नंबरच्या दारावर) कोणी ऐकत नाहीये. म्हणजे सर्व्हिस बंद असेल, पोर्ट चुकला असेल किंवा डेटाबेस फक्त स्वतःच्या मशीनपुरता ऐकत असेल (काही फायरवॉल सरळ नकार कळवतात, तेव्हापण हाच मेसेज येतो). "टाइम्ड आउट" वेगळं. तिथे पॅकेट गेलं ते गेलंच, कोणी हो पण नाही म्हटलं आणि नाही पण नाही. फायरवॉल गुपचूप फेकून देतोय, आयपी चुकलाय, व्हीपीएन लावायचा राहिलाय किंवा क्लाउडच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये (तिथल्या फायरवॉलच्या नियमांत) तुमचा आयपी नाहीये, यातलं काहीतरी असतं.

पण दोन्हीत एक गोष्ट सारखी, तुमचा पासवर्ड अजून कोणी बघितलेलाच नाही. त्यामुळे अशा वेळी पासवर्ड रीसेट करणं म्हणजे बंद फोनवर आवाज वाढवून बोलण्यासारखं आहे, आणि वर नवा पासवर्ड बाकीच्या तीन ॲपमध्ये टाकायचा राहून गेला की ती चालू असलेलीपण बंद पडतात.

मग बघायचं काय, तर टेलनेट किंवा एनसी (पोर्ट उघडा आहे का ते बघायच्या कमांड) घेऊन सरळ पोर्टला हात लावून बघायचा. मायएसक्यूएलचा डिफॉल्ट पोर्ट ३३०६, पोस्टग्रेसचा ५४३२, एसक्यूएल सर्व्हरचा १४३३, ओरॅकलचा १५२१, मोंगोडीबीचा २७०१७. आणि हे ॲप जिथे चालतंय त्या मशीनवरून बघा, आपल्या लॅपटॉपवरून बघून "माझ्याकडे तर चालतंय" म्हणण्यात काही अर्थ नाही. पिंगवरपण भरवसा ठेवू नका, पिंग चालतंय म्हणून पोर्ट उघडा असतो असं नाही आणि पिंग बंद आहे म्हणून पोर्ट बंद असतो असंही नाही.

सर्व्हर ऐकतो कोणाचं?

पोस्टग्रेस नवीन टाकला की तो फक्त लोकलहोस्टवर (म्हणजे त्याच मशीनवरून आलेल्यांचं) ऐकतो, त्यासाठी लिसन_ॲड्रेसेस नावाचं सेटिंग आहे. ते बदललं की रीलोड पुरत नाही, रीस्टार्टच करावा लागतो, आणि इथे कितीतरी लोक अडकतात कारण शेजारच्या पीजी_एचबीए फाईलला (कोणी कुठून कसं लॉगिन करायचं याचे नियम असलेली) नुसता रीलोड चालतो. उबुंटूवर मायएसक्यूएलच्या कॉन्फिगमध्ये बाइंड-ॲड्रेस १२७.०.०.१ (हापण त्याच मशीनचा पत्ता) लिहिलेला असतो, तोच प्रकार. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस टाकलं असेल तर त्याचं टीसीपी/आयपी मुळात बंदच असतं, कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये जाऊन चालू करायचं आणि सर्व्हिस रीस्टार्ट करायची. शिवाय नाव दिलेला इन्स्टन्स (सर्व्हरची वेगळी प्रत) असेल तर त्याचा पोर्ट बहुधा १४३३ नसतो, तो डायनॅमिक असतो आणि तो सांगायचं काम एसक्यूएल ब्राउझर यूडीपी १४३४ वर करतो. फायरवॉलमध्ये लोक १४३३ उघडतात, हा १४३४ विसरतात, आणि मग नावानं कनेक्ट होत नाही म्हणून डोकं खाजवत बसतात.

एक विनंती. वैतागून ०.०.०.० (सगळीकडून आलेल्यांचं ऐक) लिहून सगळ्या इंटरनेटला डेटाबेस उघडा करू नका. उघडे पोर्ट शोधत फिरणारे बॉट दिवसरात्र चालू असतात. घरून बघायचंय तर एसएसएच टनेल (सुरक्षित बंदिस्त मार्ग) लावा, दोन मिनिटांचं काम आहे.

लोकलहोस्ट म्हणजे नेमकं कोण

लिनक्सवर मायएसक्यूएलच्या क्लायंटला लोकलहोस्ट सांगितलं तर तो नेटवर्कनं जातच नाही, सॉकेट फाईल (त्याच मशीनवरच्या प्रोग्रामनी एकमेकांशी बोलायची जागा) शोधतो. १२७.०.०.१ सांगितलं तर टीसीपीनं जातो. म्हणून एक चालतं आणि दुसरं चालत नाही असं होऊ शकतं. एरर २००२ आणि त्यात सॉकेटचा पाथ दिसला तर आधी सर्व्हिस चालू आहे का ते बघा, मग तो पाथ.

डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवायचं साधन) तर याहून मजा. कंटेनरच्या आतलं लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच, तुमचं मशीन नाही. कंपोझ (अनेक कंटेनर एकत्र चालवणारं) वापरत असाल तर होस्टच्या जागी डेटाबेसच्या सर्व्हिसचं नाव लिहायचं. आणि डॉकरचीच अजून एक खोड म्हणजे एन्व्हायर्नमेंटमध्ये दिलेला पासवर्ड फक्त पहिल्यांदा, व्हॉल्यूम (डेटा ठेवायची जागा) रिकामं असताना लागू होतो. नंतर फाईलमध्ये पासवर्ड बदलून कंटेनर कितीही वेळा पाडून उभा केला तरी आत जुनाच राहतो. तो आत लॉगिन करून बदलावा लागतो, किंवा डेटा नको असेल तर व्हॉल्यूम उडवायचं. डेटा खरंच नको असेल तरच हां.

मायएसक्यूएलचा १०४५ : पासवर्ड बरोबर आहे तरी

"ॲक्सेस डिनाइड फॉर युझर", सगळ्यांच्या ओळखीचा. याच्या शेवटी "युझिंग पासवर्ड" नंतर येस आहे की नो ते आधी बघा. नो असेल तर पासवर्ड चुकला वगैरे काही नाही, तो पाठवलाच गेला नाही, म्हणजे ॲपनं कॉन्फिग वाचलं नाहीये. कमांड लाइनवरची नेहमीची चूक म्हणजे मायनस पी आणि पासवर्ड यांच्यात स्पेस देणं. स्पेस दिला की मायएसक्यूएल पासवर्ड वेगळा विचारतो आणि तुम्ही लिहिलेला पासवर्ड डेटाबेसचं नाव समजतो. पासवर्ड तसाही कमांडमध्ये लिहू नये, हिस्टरीत राहतो, पण लिहितात लोक.

येस असेल तर मात्र दुसरी गोष्ट बघायची. मायएसक्यूएलमध्ये खातं म्हणजे नुसतं युझरनेम नाही, युझर आणि होस्ट ही जोडी असते. एकाच नावाची, लोकलहोस्टची आणि टक्के चिन्हाची (म्हणजे कोणत्याही होस्टची), अशी दोन खाती असू शकतात आणि त्यांचे पासवर्ड वेगळे असू शकतात. तुम्ही एकाचा बदलता आणि लॉगिन होतं दुसऱ्यावर. त्यात होस्ट जितका नेमका तितका तो आधी जुळतो, त्यामुळे जुन्या इन्स्टॉलमध्ये लोकलहोस्टवर बिननावाचं खातं पडलेलं असेल तर ते तुमच्या टक्केवाल्या खात्याच्या आधी पुढे येतं आणि तुमचा अगदी बरोबर पासवर्ड नाकारला जातो. कुठूनही आत शिरता आलं तर करंट_युझर फंक्शन चालवा, ते तुम्ही कोणत्या खात्यावर जुळलात ते सांगतं. ११३० आला तर या होस्टसाठी खातंच नाही. ११२९ आला तर वारंवार अर्धवट कनेक्शन केल्यामुळे तुमचं मशीन ब्लॉक झालंय, जुन्या व्हर्जनमध्ये फ्लश होस्ट्स करा (८.४ मध्ये ती कमांड काढून टाकलीय, तिथे परफॉर्मन्स_स्कीमामधलं होस्ट_कॅश टेबल ट्रंकेट करा), पण अर्धवट कनेक्शन कोण करत होतं तेही शोधा, नाहीतर पुन्हा होईल.

उबुंटूवर रूटचा पासवर्ड चालत नाही ही तक्रारपण रोजची. तिथे रूटचं लॉगिन सॉकेटवरून होतं, तुम्ही मशीनवर कोण आहात ते बघितलं जातं, पासवर्ड विचारातच घेत नाहीत. सुडो (रूट म्हणून कमांड चालवणारं) लावा, आत जाल. ॲपसाठी वेगळा युझर करा, रूट ॲपला देऊच नका.

आणि ८.० पासून पासवर्ड तपासायचा डिफॉल्ट प्लगिन कॅशिंग_शा२_पासवर्ड झालाय. जुना ड्रायव्हर असेल तर तो याला ओळखत नाही, ड्रायव्हर अपडेट करा. लोक उलट करतात, युझरला जुन्या नेटिव्ह पासवर्डवर टाकतात, पण ते ८.४ मध्ये डिफॉल्टनं बंद आहे आणि ९.० मधून काढूनच टाकलंय. "पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड" हापण याच घराण्यातला. काल चालत होतं, सर्व्हर रीस्टार्ट केला आणि आज बंद, असं झालं तर याचा संशय घ्या, कारण रीस्टार्टनंतर या प्लगिनची कॅश (आधी तपासलेल्या लॉगिनची साठवण) रिकामी होते आणि पहिलं लॉगिन पूर्ण तपासणीचं असतं, त्याला टीएलएस (एन्क्रिप्टेड कनेक्शन) तरी लागतं नाहीतर सर्व्हरची पब्लिक की तरी.

पोस्टग्रेसमध्ये चुकीची फाईल घोटत बसणं

हे माझ्यावरच बेतलेलं. "नो पीजी_एचबीए एंट्री फॉर होस्ट" येत होतं, मी फाईल उघडली, ओळ टाकली, रीलोड केला, तेच. ओळ बदलली, तेच. अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी कळलं की मशीनवर पोस्टग्रेसच्या दोन व्हर्जन होत्या आणि मी दुसरीचीच फाईल रंगवत होतो. तेव्हापासून आधी आत जाऊन शो एचबीए_फाईल चालवतो, चालू सर्व्हर नेमकी कोणती फाईल वाचतोय त्याचा पाथ तो देतो. डेबियन आणि उबुंटूवर दुसरी व्हर्जन टाकली की तिला बहुधा ५४३३ पोर्ट मिळतो, त्यामुळे ५४३२ वर गेलात की जुन्या सर्व्हरशीच बोलत बसता. पीजी_एलएसक्लस्टर्स चालवलं की सगळे पोर्टसकट दिसतात.

या फाईलचा नियम एकदा डोक्यात बसवा. वरून खाली वाचत जाते आणि जी पहिली ओळ जुळेल तीच. तिथे पासवर्ड नापास झाला तर पुढची ओळ बघितली जात नाही. म्हणून तळाशी कितीही छान ओळ लिहा, वरची एखादी ढोबळ ओळ आधीच पकडते. "पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड" आलं तर पासवर्डचा संबंध नाही, ऑपरेटिंग सिस्टिमचा युझर आणि डेटाबेसचा युझर जुळत नाहीये.

लॉग सर्व्हरवर असतो, तिथे बघा

क्लायंटला मुद्दाम कमी सांगितलं जातं, म्हणजे हल्ला करणाऱ्याला हे नाव खरंच आहे का ते कळू नये. एसक्यूएल सर्व्हरचा १८४५६ (लॉगिन फेल) घ्या, क्लायंटला स्टेट १ दिसते, पण एरर लॉगमध्ये खरी स्टेट असते. ५ म्हणजे असं लॉगिनच नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकला, ५८ म्हणजे सर्व्हर फक्त विंडोज ऑथेंटिकेशनवर आहे आणि तुम्ही एसक्यूएल लॉगिननं येताय. शेवटच्यासाठी मिक्स्ड मोड चालू करायचा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करायची, ते रीस्टार्ट विसरलात तर काहीच बदलत नाही. पोस्टग्रेसपण क्लायंटला नुसतं पासवर्ड फेल म्हणतो आणि रोलच नाहीये हे लॉगमध्ये लिहितो. ओरॅकलमध्ये १२५४१ म्हणजे लिसनर (कनेक्शन घेणारा प्रोग्राम) नाही, १२५१४ म्हणजे लिसनर आहे पण तुम्ही सांगितलेली सर्व्हिस त्याला माहीत नाही, बहुतेक वेळा एसआयडी आणि सर्व्हिस नेम यांची गल्लत.

पासवर्डमधली चिन्हं

कनेक्शन स्ट्रिंग यूआरएलच्या रूपात असेल आणि पासवर्डमध्ये @ किंवा / किंवा # असेल तर स्ट्रिंग मधेच तुटते, ती चिन्हं एन्कोड करावी लागतात. शेलमध्ये डबल कोटात $ लिहिला तर शेल त्याला व्हेरिएबल समजून गिळतो. काही एन्व्ह फाईल वाचणारे # नंतरचं सगळं कमेंट समजतात. आणि कॉपी-पेस्ट करताना शेवटी चिकटलेली स्पेस, तिच्याबद्दल काय बोलणार.

कधी चालतं, कधी नाही

हे लॉगिनचं दुखणं नाहीच, जागेचं आहे. पोस्टग्रेसमध्ये मॅक्स_कनेक्शन्स डिफॉल्ट १००, त्यातली ३ सुपरयुझरसाठी राखीव. मायएसक्यूएलमध्ये १५१. जावावाल्यांच्या हिकारी पूलचा (उघडून तयार ठेवलेल्या कनेक्शनचा साठा) डिफॉल्ट १० असतो, ॲपच्या ८ कॉपी चालू असतील तर ८० झाली, आरामात बसतात. पण नवीन डिप्लॉय करताना थोडा वेळ जुन्या आणि नव्या दोन्ही कॉपी चालू राहतात, हिशोब जातो १६० वर आणि "टू मेनी क्लायंट्स" सुरू. म्हणून दर डिप्लॉयला पाच मिनिटं एरर येतात आणि मग आपोआप बरं होतं. लिमिट हजारावर नेणं हा उपाय नाही, पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन म्हणजे वेगळी प्रोसेस, मेमरी खाते. पूल छोटा करा किंवा मध्ये पीजीबाउन्सर (कनेक्शन वाटून देणारा) बसवा. आधी पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीत "आयडल इन ट्रान्झॅक्शन" (ट्रान्झॅक्शन उघडी ठेवून नुसते बसलेले) वाले किती पडलेत ते बघा, कोडमध्ये कोणीतरी कनेक्शन घेऊन परत करत नसेल तर लिमिट कितीही वाढवा, ते भरणारच.

रोज सकाळी पहिली रिक्वेस्ट फेल होते असंही असतं. मायएसक्यूएलचा वेट_टाइमआउट २८८०० सेकंद, म्हणजे ८ तास. रात्रभर कोणी आलं नाही की सर्व्हर कनेक्शन तोडतो आणि पूलला वाटतं ते अजून जिवंत आहे. पूलमधल्या कनेक्शनचं आयुष्य त्यापेक्षा कमी ठेवा. मधला फायरवॉल तर बरेचदा याहून खूप आधी तोडतो.

तात्पुरता जुगाड काढायला विसरणं

पासवर्ड विसरला म्हणून पीजी_एचबीएमध्ये ट्रस्ट (पासवर्ड न विचारता आत सोड) लिहिलं, आत गेलो, पासवर्ड बदलला, आणि ट्रस्ट तसंच राहिलं. आता कोणताही पासवर्ड टाका, चालतो, आणि तुम्हाला वाटतं नवीन पासवर्ड मस्त लागला. मायएसक्यूएलमध्ये यासाठी स्किप-ग्रँट-टेबल्स वापरतात, ८.० मध्ये ते लावलं की रिमोट कनेक्शन आपोआप बंद होतात. ते काढायला विसरलात की तासाभरानं ॲपवाले येतात, "रिफ्यूज्ड" येतंय म्हणून, आणि तुम्ही फायरवॉल तपासायला बसता.