दगडी पाला जखमेवर लावताय? या चुका टाळा

खुरपणीला गेलं की बोटाला खुरपं लागणार हे ठरलेलंच. लागलं की आजी बांधावरचा दगडी पाला ओरबाडायची, तळहातावर चोळायची आणि दोन थेंब पिळायची, एकदम चर्र व्हायचं, रक्त थांबायचं आणि परत पात धरायची. कोणी याला एकदांडी म्हणतं कोणी कंबरमोडी. पाला चांगलाच आहे, उंदरांवर प्रयोग करून जखमेवरचा त्याचा परिणाम तपासलाय लोकांनी, पण आपण तो वापरतो कसा तिथे सगळा घोळ आहे.

माझंच सांगते. ऊस तोडताना कोयत्याचं टोक पोटरीत घुसलं, चांगलं खोल. मी शहाणी, मूठभर पाला चेचला, देठासकट, आणि ओढणीनं करकचून बांधला तो दोन दिवस तसाच. तिसऱ्या दिवशी सोडलं तर वास, सूज, वर हिरवट काळी खपली. दवाखान्यात ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर चिमट्यानं एकेक पानाचा तुकडा काढत म्हणाल्या, ताई जखम आहे का मेथीची जुडी? आत एक मातीचा खडा पण निघाला.

म्हणजे पहिली चूक, चोथा जखमेत भरणे. आजी फक्त रस पिळायची, चोथा फेकून द्यायची, हे मी लहानपणापासून बघत होते तरी डोक्यात शिरलं नाही. पानं केसाळ आणि कोरडी असतात त्यामुळे दहाबारा पानं चोळली तरी थेंबच निघतात, मग लोक वैतागून त्यात पाणी घालतात, तेही टाकीतलं. घालू नका. आधी जखम धुवा, पानं धुवा, हात धुवा, मग पिळा. आणि हे फक्त खरचटलेल्यासाठी किंवा वरवरच्या कापलेल्यासाठी. जखमेची तोंडं उघडी दिसतायत, दाबून धरूनही रक्त थांबत नाहीये तर टाक्यांचं काम आहे ते.

खिळा, पत्रा, कोयता लागला असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन. जंतू मातीतच असतात आणि पाल्याला माती असतेच. जखम मातीची किंवा खोल असेल आणि शेवटचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षं झाली असतील तर घ्यायचंच, कधी घेतलं ते आठवत नसेल तरी डॉक्टरला तसं सांगून घ्या. कुत्रं चावलं तर पाला, हळद, चुना काही नको. साबण आणि वाहत्या पाण्याखाली घड्याळ लावून १५ मिनिटं धुवायचं आणि लसीसाठी सरळ दवाखाना गाठायचा. शुगरवाल्यांनी तर पायाच्या जखमेवर हा प्रयोग करूच नये, दुखत नाही म्हणून कळत नाही आणि आत वाढत जातं.

आता तोडता कुठून ते बघा. उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारतात ते रुंद पानाच्या तणांसाठीच, आणि दगडी पाला त्यातच आला. पानं, शेंडे वेडेवाकडे पिळवटलेले दिसले की समजायचं फवारणी झालीय. पण कालच मारलं असेल तर तसं दिसणार पण नाही, म्हणून शेताच्या मालकाला विचारा. रस्त्याकडेचा, गटाराजवळचा तर नकोच.

ओळखण्यात पण गाजर गवताशी गडबड होते. दगडी पाला म्हणजे जमिनीलगत पसरलेलं झाड, त्यातून वीतभर लांब एकच दांडी, टोकाला एक फूल, मध्ये पिवळं आणि भोवती पाचसहा पांढरट पाकळ्या, पाकळीच्या टोकाला खाचा. गाजर गवताची फुलं बारीक पांढरी आणि पानं गाजरासारखी चिरलेली, ते १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा दिसलं म्हणतात, आता कुठे नाही ते सांगा, आणि त्यानं अंगाला खाज सुटते. ज्यांना गाजर गवताची किंवा शेवंतीची ॲलर्जी आहे त्यांनी दगडी पाला पण जपून वापरा, कूळ एकच आहे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रस लावून एक दिवस बघा.

दुसरा गोंधळ माक्याचा, म्हणजे भृंगराजाचा. केसांच्या तेलासाठी माका म्हणून हाच पाला उकळणारे खूप आहेत, काही ठिकाणी भृंगराज म्हणून विकलाही जातो. माका ओलसर जागी येतो, फूल सगळंच पांढरं, आणि पान चुरगळलं की थोड्या वेळात बोटं काळी पडतात. दगडी पाल्यानं हिरवीच राहतात.

आणि हो, शुगरसाठी, लिव्हरसाठी रोज सकाळी याचा रस पिणारे. मुळात हे झाड अमेरिकेकडून आलेलं, चरक सुश्रुतांच्या वेळी ते इथे नव्हतंच, तेव्हा प्राचीन उपाय वगैरे फॉरवर्डवर जाऊ नका. आजीनं हयातीत तो कधी कुणाला पाजला नाही. बोटावर दोन थेंब, बास.