जर्मनीत शिकायला जाताना महिन्याच्या खर्चाचे गणित कसे मांडावे

सोलापुरातून पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीला निघालेल्या विद्यार्थ्याच्या घरी खर्चाची चर्चा बहुधा एकाच आकड्यापाशी थांबते, तो म्हणजे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी आधी पैसे भरून ठेवायचे, पण दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणारे खाते) भरायचे 11,904 युरो. सप्टेंबर 2024 पासून लागू झालेल्या या रकमेतून दरमहा 992 युरो विद्यार्थ्याला मिळतात. हा निकष व्हिसासाठी सर्व शहरांना सारखाच लावला जातो, भाडे मात्र शहरागणिक बदलते. केम्निट्झ किंवा माग्डेबुर्गमधील खोली आणि म्युनिकमधील खोली यांच्या भाड्यात दुपटीहून अधिक तफावत असू शकते. त्यामुळे अंदाजपत्रकाची पहिली ओळ शहर ठरल्यानंतरच लिहावी.

भाडे विचारताना ‘काल्टमीटे’ आणि ‘वार्ममीटे’ हा भेद पाहावा. पहिल्यात केवळ जागेचे भाडे असते, तर दुसऱ्यात खोली गरम ठेवण्याचा व पाण्याचा खर्च धरलेला असतो. वीज आणि इंटरनेट त्यात आहे का, हे वेगळे विचारून घ्यावे. मध्यम खर्चाच्या शहरात वसतिगृहाच्या खोलीचे 380 युरो धरले, तर आरोग्य विम्याचे सुमारे 150, जेवणाचे 200, फोन आणि प्रसारण शुल्काचे मिळून 30 आणि विद्यापीठाच्या सत्रशुल्कासाठी बाजूला ठेवायचे 50 असे एकूण 810 युरो होतात. प्रसारण शुल्क, म्हणजे सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठीची वर्गणी, दरमहा 18.36 युरो असून ते घरामागे एकदाच भरायचे असते. त्यामुळे सामायिक घरात राहणाऱ्यांनी ते वाटून घ्यावे. उरलेले 182 युरो मोकळे आहेत असे मानू नये. त्यांतील निदान 100 युरो थंडीचे कपडे, निवास परवान्याचे शुल्क आणि परतीचे तिकीट अशा एकरकमी खर्चांसाठी साठवावेत, कारण महिन्याचा हिशेब रोजच्या चहा-कॉफीपेक्षा अशा खर्चांनीच अधिक कोलमडतो.

सर्वांत कठीण असतो तो पहिला महिना. घराची अनामत रक्कम कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटेपर्यंत असू शकते, आणि ब्लॉक्ड अकाउंटमधील पैसे तेथे पोहोचून खाते सुरू होईपर्यंत हाती येत नाहीत. त्यामुळे अनामत, पहिले भाडे आणि तीन-चार आठवड्यांचे जेवण यांची तरतूद फॉरेक्स कार्डावर स्वतंत्रपणे करावी. ही रक्कम 11,904 युरोंच्या बाहेरची आहे, हे पालकांनी कर्जाचा अर्ज भरतानाच लक्षात घ्यावे.

टॉवेल निर्यात करणाऱ्या सोलापूरच्या कारखानदाराला विनिमय दराच्या चढउताराची सवय असते. पगारदार घराला ती नसते. अशा घराने बँकेच्या विक्री दरावर युरोमागे चार-पाच रुपये अधिक धरून हिशेब करावा. 1 एप्रिल 2025 पासून आर्थिक वर्षात 10 लाख रुपयांहून अधिक रक्कम परदेशी पाठवल्यास वरच्या रकमेवर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो कर) कापला जातो. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशांना तो लागत नाही, आणि कापला गेल्यास पाठवणाऱ्याला प्राप्तिकर विवरणपत्रात त्याचे श्रेय मिळते. तरी ते पैसे काही महिने अडकून पडतात.

जेवणावरचा खर्च हातात ठेवणे त्यामानाने सोपे आहे. आल्डी, लिडल, पेनी यांसारख्या स्वस्त दुकानांतून आठवड्याची खरेदी शनिवारी उरकावी, कारण रविवारी दुकाने बंद असतात आणि स्थानकावरची उघडी दुकाने महाग पडतात. तूरडाळ व पीठ भारतीय किंवा तुर्की दुकानातून महिन्यातून एकदा आणावे. दुपारी विद्यापीठाच्या मेन्झात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या उपाहारगृहात, जेवावे. प्लास्टिकच्या बाटलीमागे भरलेले 25 सेंट बाटली परत केल्यावर मिळतात, ते सोडू नयेत. घरून नेण्यास शेंगाचटणी आणि कडक भाकरी उत्तम, कारण दोन्ही टिकतात. मात्र तूप, पेढे, खवा असे दुधाचे पदार्थ युरोपीय संघात प्रवाशाच्या सामानातून नेण्यास मनाई आहे, हे आजीला आधीच सांगून ठेवलेले बरे.

अर्धवेळ नोकरीचे उत्पन्न पहिल्या सत्राच्या अंदाजपत्रकात धरू नये. वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे आणि 1 जानेवारी 2026 पासून किमान वेतन तासाला 13.90 युरो आहे, हे खरे. परंतु जर्मन भाषा कच्ची असताना काम मिळायला वेळ लागतो, आणि परीक्षांच्या आठवड्यांत ते कमी करावे लागते. काम मिळाल्यावर पहिले दोन पगार अनामत रकमेपोटी घरून आणलेले पैसे फेडण्यासाठी वेगळे काढावेत. महिन्याच्या खर्चाची पातळी त्यानंतरच, आणि तीही थोडीशीच, वाढवावी.