एआय एजंटसाठी टूलचे वर्णन लिहिताना

टेक्निकल रायटिंगच्या क्षेत्रात येणाऱ्या नवोदितांना आता माणसांबरोबरच एआय एजंटसाठीही, म्हणजे टूल्स (बाहेरच्या प्रणालीतले एखादे काम करून देणारी सोय) स्वतः निवडून चालवणाऱ्या भाषा-मॉडेलसाठीही, लिहावे लागते. जून २०२३ मध्ये ओपनएआयने फंक्शन कॉलिंगची, म्हणजे मॉडेलने बाहेरचे फंक्शन मागवण्याची, सोय दिली, नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजेच एमसीपी, जाहीर केला आणि बाहेरच्या प्रणाली मॉडेलच्या हाती देण्याची एक ठरावीक पद्धत रुळत गेली. त्या पद्धतीत मॉडेलला टूलविषयी मुख्यतः तीनच गोष्टी दिसतात: नाव, वर्णन आणि कोणते इनपुट (म्हणजे कोणते पॅरामीटर, कोणत्या स्वरूपात) चालेल हे सांगणारा जेसन स्कीमा नावाचा आराखडा. मी युजर गाइड लिहिण्याच्या कामातून इकडे आले. माणूस अडला की शेजारच्या सहकाऱ्याला विचारतो. तो जे विचारतो, ते सगळे इथे या तीन जागांतच लिहून ठेवावे लागते, हे मला या कामातले सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाचे वाटते.

रकमेचेच उदाहरण घ्या. रेझरपे या पेमेंट कंपनीच्या एपीआयला, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमने तिच्याशी बोलण्याच्या मार्गाला, रक्कम रुपयांत नव्हे तर पैशांत द्यावी लागते, म्हणजे २९९ रुपयांसाठी २९९०० हा आकडा पाठवायचा. स्ट्राइप ही पेमेंट कंपनीही चलनाचे सर्वांत लहान एकक मागते, मात्र येनला वापरातले उपएकक नसल्यामुळे ५०० येन हे ५०० असेच लिहायचे असतात. या कंपन्यांनी आपल्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिले आहे आणि डेव्हलपर ते वाचून हिशेब एकदाच बसवतो. परंतु अशा एपीआयवर आपण स्वतःचे टूल उभे करतो, पॅरामीटरला नुसते ‘अमाउंट’ असे नाव देतो आणि वर्णनात ‘परताव्याची रक्कम’ एवढेच लिहितो, तेव्हा ‘ग्राहकाला २९९ रुपये परत करा’ या सूचनेवरून एजंट २९९ हाच आकडा पाठवण्याची शक्यता असते, आणि मग ग्राहकाच्या खात्यात तीन रुपयेसुद्धा जमा होत नाहीत. एररही येत नाही, कारण आकडा नियमात बसणारा असतो. म्हणून एकक पॅरामीटरच्या नावातच असावे, ‘अमाउंट_इन_पैसे’ असे, आणि वर्णनात एक भरलेले उदाहरण असावे, असा माझा आग्रह असतो. तारखांच्या बाबतीतही ०३/०४/२०२५ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च हा प्रश्न उरू नये, यासाठी २०२५-०४-०३ हा आयएसओ ८६०१ चा नमुना द्यावा. वेळ भारतीय आहे की यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, हेही सांगावे. नाही तर साडेपाच तासांच्या फरकामुळे पहाटेचे व्यवहार आदल्या दिवसाच्या हिशेबात जातात.

टूल काय करते हे बहुतेक जण लिहितात. ते केव्हा वापरू नये हे फार थोडे लिहितात. ‘ऑर्डर शोधा’ आणि ‘ऑर्डरचा तपशील आणा’ अशी दोन टूल्स शेजारी असतील, तर पहिल्याच्या वर्णनात ‘ऑर्डर क्रमांक माहीत असल्यास हे वापरू नका, तपशिलाचे टूल वापरा’ असे वाक्य हवे. एमसीपीच्या नमुना सर्व्हरांपैकी (सर्व्हर म्हणजे एजंटला टूल्स पुरवणारा प्रोग्रॅम) फाइल हाताळणाऱ्या फाइलसिस्टिम सर्व्हरची वर्णने नवोदितांनी जरूर वाचावीत. त्यातील फाइल लिहिण्याच्या टूलचे वर्णन सरळ बजावते की आधीची फाइल कोणतीही पूर्वसूचना न देता पुसून नवी लिहिली जाईल, आणि हे टूल परवानगी असलेल्या फोल्डरांपुरतेच चालते. परिणाम आणि मर्यादा दोन्ही तिथे मोजक्या शब्दांत आल्या आहेत.

एरर मेसेज हाही डॉक्युमेंटेशनचाच भाग समजावा, कारण एजंट तो वाचूनच पुढचे पाऊल ठरवतो. ‘अवैध विनंती’ एवढेच परत आले, तर तो तीच विनंती पुन्हा पाठवत राहू शकतो. ‘शेवटची तारीख सुरुवातीच्या तारखेआधीची आहे, दोन्ही तपासून पुन्हा पाठवा’ असे आले, तर तो चूक सुधारतो. पैशांच्या व्यवहारात त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, उत्तर येण्याआधी वेळ संपली तर विनंती पुन्हा पाठवणे सुरक्षित आहे की परतावा दोनदा जाईल, हे वर्णनात असलेच पाहिजे. टूल विध्वंसक आहे का, पुन्हा चालवल्यास परिणाम तोच राहतो का, अशा खुणांची सोय एमसीपीत आहे. पण त्या केवळ सूचक आहेत. त्यामुळे खरा अटकाव सर्व्हरच्या कोडमध्येच हवा, आणि तो नसेल तर ते डेव्हलपरला स्पष्टपणे सांगणे हे लेखकाचे काम आहे.

सर्व टूल्सची वर्णने मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे ते एका वेळी विचारात घेऊ शकते त्या मर्यादित मजकुरात, जागा घेतात, म्हणून प्रस्तावना आणि जाहिरातीची विशेषणे काढून टाकावीत. एककाविषयीचे वाक्य मात्र जागेसाठी कधीही कापू नये.

लिहिलेले बरोबर आहे की नाही, हे पुन्हा वाचून कळत नाही. ग्राहक खरोखर ज्या भाषेत विचारतात त्या भाषेतले प्रश्न जमवावेत, ‘मागच्या महिन्यातली बिलं दाखव’ यासारखे मोघम प्रश्नही त्यात असावेत, ते एजंटला द्यावेत आणि त्याने कोणते टूल निवडले, कोणती मूल्ये भरली हे लॉगमध्ये, म्हणजे प्रणालीने ठेवलेल्या नोंदीत, पाहावे. एका वेळी एकच वाक्य बदलून तेच प्रश्न पुन्हा चालवावेत. एकच प्रश्न अनेकदा चालवावा, कारण मॉडेल दर वेळी सारखेच वागेल असे नाही. नोकरीच्या शोधात असलेल्यांनी एखादा मुक्तस्रोत एमसीपी सर्व्हर निवडून त्याच्या एका टूलवर हे काम करावे आणि मूळ वर्णन, बदललेले वर्णन आणि दोन्हींचे लॉग अर्जासोबत जोडावेत. मुलाखत घेताना मी सर्वप्रथम ते लॉग उघडते.