सी स्लग ओळखायचा कसा? रंग राहू दे, आधी कल्ले शोधा

सी स्लग म्हणजे समुद्रातल्या बिनशंखी किंवा जवळजवळ बिनशंखी गोगलगायी. ओहोटीला खडकातल्या डबक्यात एखादा रंगीत लिबलिबीत जीव दिसला की बहुतेक जण वरून एक फोटो काढतात आणि रंगावरून नेटवर शोधत बसतात, आणि तिथेच सगळं अडतं. एकाच जातीत रंग बदलतात, आणि दोन भलतेच जीव हुबेहूब सारखे दिसतात, अगदी स्लग आणि चपटा कृमीसुद्धा. त्यामुळे रंग सगळ्यात शेवटी.

पहिलं काम म्हणजे त्याला पाण्यातच राहू द्या. बाहेर काढला की कल्ले आत जातात, शिंगं अंगाला चिकटतात आणि ओळखायला काहीच उरत नाही. नुसती सावली पडली तरी तो आक्रसू शकतो, मग न हलता जरा थांबा. डोरिड (सी स्लगचा एक मोठा गट) असेल तर बऱ्याचदा पाठीवर मागच्या टोकाला एक बारीक भोक उघडतं आणि त्यातून पिसांसारख्या कल्ल्यांचा तुरा हळूहळू वर येतो, गुदद्वाराभोवती गोल. हे एकदा डोळ्यांनी बघाच, फार सुंदर असतं! तुरा आणि डोक्यावर दोन शिंगं (ती वास घेण्यासाठी असतात) दिसली की डोरिड पक्का. कागदासारखं पातळ अंग, कडा लाटांसारख्या हलतायत आणि कल्ले कुठेच नाहीत, तर तो बहुधा चपटा कृमी.

तुरा नाही पण पाठभर बोटांसारखे उंचवटे आहेत, तर एओलिड (दुसरा मोठा गट) असण्याची शक्यता जास्त. त्या उंचवट्यांना सेराटा म्हणतात, आणि एओलिड हायड्रॉइड (बारीक झुडपांसारखे दिसणारे, डंख मारणारे जीव) किंवा समुद्रफुलं खाऊन त्यांच्या न फुटलेल्या डंखपेशी सेराटाच्या टोकात साठवतो, स्वतःच्या बचावासाठी. डोरिड आणि एओलिड दोघंही न्यूडिब्रँक या मोठ्या गटातले, ज्यांच्या जगभरात साधारण 3000 जाती माहीत आहेत.

हिरवागार आणि शेवाळावरच बसलेला असेल तर सॅकोग्लोसा हा गट बघा. हे शेवाळाच्या पेशीला भोक पाडून रस ओढतात, त्यांच्यातली एलिसिया क्लोरोटिका ही जात तर त्यातली हरितलवकं (हरितद्रव्य असलेले पेशीतले बारीक भाग) कित्येक महिने अंगात टिकवते. पण सेराटा यांच्यातही काहींना असतात म्हणून गल्लत होते, तेव्हा तो कशावर बसलाय ते बघाच. स्पंजावर असेल तर डोरिड, हायड्रॉइडवर एओलिड, शेवाळावर सॅकोग्लोसा किंवा समुद्री ससा. प्रत्येक वेळी जुळेल असं नाही पण खूप मदत होते. समुद्री ससा म्हणजे अॅप्लिसिया, मोठा, सशाच्या कानांसारखी शिंगं, बऱ्याच जाती डिवचल्यावर जांभळी शाई सोडतात (उगाच डिवचू नका प्लीज). याच्यावर काम करून एरिक कँडेल यांनी स्मरणशक्तीचा अभ्यास पुढे नेला आणि 2000 चं नोबेल मिळवलं. कल्ला फक्त उजव्या कुशीला, पाठीच्या कडेखाली दिसला तर प्लुरोब्रँक, हा आणखी एक गट.

शंखवाल्या गोगलगायींबद्दल एकच सांगते, शंकूच्या आकाराचा शंख जिवंत असेल तर हातात घेऊ नका, कोनसचा विषारी दात माणसाचा जीव घेऊ शकतो.

आता वर्गीकरण. जुन्या पुस्तकांत हे सगळे ओपिस्थोब्रँकिया नावाच्या एका गटात सापडतील, तो गट आता मोडीत निघालाय. डीएनए बघितल्यावर कळलं की सॅकोग्लोसा न्यूडिब्रँकपेक्षा जमिनीवरच्या गोगलगायींना जवळचे आहेत, म्हणजे शंख गमावून स्लग होणं वेगवेगळ्या घराण्यांत वेगवेगळं घडलंय. न्यूडिब्रँकच्या अळीला तर आजही इवलासा शंख असतो, मोठं होताना तो टाकून देते.

म्हणून फोटो काढताना वरून, बाजूने, डोकं जवळून, कल्ले जवळून, आणि खाली काय आहे तेही घ्या. शेजारी अंड्यांची रिबीन असेल तर तीही. मग नाव शोधल्यावर ते वर्म्स या समुद्री जीवांच्या यादीत तपासा, कारण नावं बदलत राहतात, क्रोमोडोरिस या डोरिडांच्या प्रजातीतल्या (जीनसमधल्या) बऱ्याच जाती 2012 मध्ये गोनिओब्रँकसमध्ये गेल्या. काही जाती दातांची पट्टी किंवा डीएनए तपासल्याशिवाय वेगळ्या करताच येत नाहीत, तिथे बिनधास्त नुसतं "एलिसिया, जात नक्की नाही" लिहा आणि फोटो जपून ठेवा.