ग्राउंड प्लेन अखंड आहे, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं

माझा पहिला हाय-स्पीड सर्किट बोर्ड एमिशन टेस्टमध्ये (बोर्डातून किती रेडिओ लहरी बाहेर पडतात ते मोजतात तिथे) नापास झाला, तेव्हा टेस्ट रूमबाहेरच्या बाकावर मी लॅपटॉप मांडीवर घेऊन दोन तास बसले होते. शेमॅटिक, म्हणजे सर्किटची आकृती, बरोबर होतं. डीआरसीत, म्हणजे लेआउटचे नियम आपोआप तपासणाऱ्या चाचणीत, एकही एरर नव्हती. टेबलावर बोर्ड व्यवस्थित चालत होता. आणि तरीही स्पेक्ट्रममध्ये २५०, ३५० आणि ४५० मेगाहर्ट्झला तीन सुळके उभे होते, त्यातले दोन मर्यादेच्या रेषेच्याही वर गेलेले. मायक्रोकंट्रोलरचे साधे बोर्ड करून जे आता इथरनेट, यूएसबी, डीडीआर मेमरीकडे वळताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. तुमचा तो बाक चुकावा एवढीच इच्छा आहे.

ते तिन्ही आकडे ५० मेगाहर्ट्झचे विषम पट आहेत. मायक्रोकंट्रोलर आणि इथरनेट फाय (केबलशी बोलणारी चिप) यांना जोडणाऱ्या आरएमआयआय या इंटरफेसचा क्लॉक ५० मेगाहर्ट्झचा असतो. एवढा क्लॉक म्हणजे फार काही नाही, असं मी गृहीत धरलं होतं. तसं धरू नका. बोर्डाला क्लॉकच्या आकड्याशी देणंघेणं नसतं, सिग्नल किती झटकन चढतो-उतरतो याच्याशी असतं. राइज टाइम १ नॅनोसेकंद असेल तर ०.३५ भागिले राइज टाइम या हिशेबाने साधारण ३५० मेगाहर्ट्झपर्यंतचा मामला आपल्याला सांभाळावा लागतो. एफआर-४ मध्ये (बोर्डाच्या नेहमीच्या फायबरग्लासमध्ये) सिग्नल १ नॅनोसेकंदात ढोबळमानाने १५० मिलिमीटर जातो. ट्रेसचा, म्हणजे बोर्डावरच्या कॉपरच्या रेघेचा, विलंब राइज टाइमच्या एक षष्ठांशाहून जास्त झाला की तिला साधी वायर न समजता ट्रान्समिशन लाइन (सिग्नल जिच्यातून लहरीसारखा धावतो) समजायचं, म्हणजे इथे २५ मिलिमीटरच्या पुढे. माझी क्लॉकची ट्रेस ६० मिलिमीटरची होती. डेटाशीटमध्ये क्लॉकच्या आधी राइज टाइम शोधायची सवय लावून घ्या.

आता मुख्य गोष्ट. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

करंट जातो तसा परतही येतो, हे आपण पहिल्या वर्षी शिकतो आणि लेआउट करताना विसरतो. शेमॅटिकमध्ये ग्राउंडचं चिन्ह काढलं की आपल्यासाठी परतीचा प्रश्न मिटतो. बोर्डावर तो मिटत नाही. डीसी करंट परतताना कमीत कमी रेझिस्टन्सचा रस्ता धरतो, म्हणून ग्राउंड प्लेनभर, म्हणजे ग्राउंडच्या कॉपरच्या पूर्ण थरावर, पसरतो. वेगवान सिग्नलचा करंट कमीत कमी इंडक्टन्सचा रस्ता धरतो, आणि तो रस्ता ट्रेसच्या बरोबर खाली असतो. काही मेगाहर्ट्झच्या वर गेलात की रिटर्न करंट सावलीसारखा ट्रेसखालून चालतो. ट्रेस वळली की तोही वळतो. सावलीला जिथे जमीन मिळत नाही तिथे घोटाळा होतो.

माझा बोर्ड चार लेयरचा होता: वर सिग्नल, त्याखाली ग्राउंड, मग पॉवर, तळाला पुन्हा सिग्नल. ग्राउंड प्लेन मी कुठेही कापला नव्हता. रिव्ह्यूमध्ये कोणी विचारलं की मी ठामपणे सांगत असे, प्लेन अखंड आहे. पण डिस्प्लेच्या पॅरलल बसचे १६ व्हिया (लेयर जोडणारी, आतून कॉपर लावलेली भोकं) मी एका सरळ रांगेत, एकमेकांपासून १ मिलिमीटरवर बसवले होते. छान शिस्तीत दिसत होते. प्रत्येक व्हियाचा पॅड ०.५ मिलिमीटर आणि प्लेनचा क्लिअरन्स (मोकळी सोडलेली जागा) चारी बाजूंनी ०.३, म्हणजे प्रत्येक व्हियाभोवती प्लेनमध्ये १.१ मिलिमीटरचं भोक. भोकं १.१ ची, अंतर १ चं. ती एकमेकांत मिसळली आणि प्लेनमध्ये १६ मिलिमीटर लांबीची सलग चीर तयार झाली. क्लॉकची ट्रेस त्या रांगेच्या मधोमध, दोन व्हियांच्या फटीतून पलीकडे गेली होती.

वरच्या लेयरवर ट्रेस तुटलेली नव्हती. खालचा परतीचा करंट मात्र चिरेपाशी अडला, ८ मिलिमीटर कडेपर्यंत गेला आणि तेवढंच अंतर पुन्हा मागे आला. ट्रेस आणि प्लेन यांच्यामध्ये फक्त ०.१ मिलिमीटरचा प्रीप्रेग (इन्सुलेशनचा थर) होता. म्हणजे जिथे लूप कागदाच्या जाडीएवढा असायला हवा होता, तिथे तो बोटाच्या पेराएवढा झाला. तो लूप म्हणजे अँटेना. शिवाय ती चीर ओलांडणाऱ्या इतर ट्रेसचे रिटर्न करंटही त्याच वळशाने गेले, म्हणजे क्रॉसटॉक, एका ट्रेसचा सिग्नल दुसरीत घुसणं.

डीआरसीने हे का पकडलं नाही? कारण डीआरसीच्या लेखी ग्राउंड अजूनही एकच नेट (एकच विद्युत जोडणी) होता, चिरेच्या दोन्ही टोकांकडून जोडलेला. कॉपर कुठेतरी जोडलंय का, एवढंच ते बघतं. करंट कुठून जाईल हे बघत नाही. आणि मला का दिसलं नाही? कारण मी चारही लेयर एकत्र चालू ठेवून काम करत होते. पॅड आणि ट्रेस यांच्या गर्दीत प्लेनची चीर झाकली गेली होती. फक्त ग्राउंडचा लेयर एकटा चालू करून मी एकदाही पाहिला नव्हता. एकदाही नाही.

चूक सापडली ती आमच्या लॅबमधल्या एका सरांमुळे. त्यांनी कोअॅक्स केबलच्या टोकाला छोटा लूप करून स्पेक्ट्रम अॅनालायझरला जोडला आणि बोर्डावरून हळूहळू फिरवला. डिस्प्लेच्या व्हियांपाशी रेष उसळली. मग त्यांनी ट्रेसचा प्रिंट माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "हा करंट परत कुठून येतो, बोटाने दाखव." माझं बोट ट्रेसवरून उलटं निघालं आणि व्हियांच्या रांगेशी थबकलं. पुढे जायला जागाच नव्हती. त्यांनी ट्रेसवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी इन्सुलेटिंग टेप) लावली, त्यावर कॉपर फॉइलची पट्टी ठेवून ती चिरेच्या दोन्ही बाजूंच्या ग्राउंडला सोल्डर केली, आणि २५० चा सुळका डोळ्यांदेखत खाली आला.

असा माणूस मिळाला तर त्याला सोडू नका. माझ्या आधीच्या एका वरिष्ठांनी मला नियम भरपूर दिले होते, कारण एकाचंही दिलं नव्हतं. ९० अंशाचा कोपरा दिसला की ते लेआउट परत पाठवत. आपण ज्या वेगांबद्दल बोलतोय तिथे एका कोपऱ्याने काही बिघडत नाही. पण मी ते कोपरे सुधारण्यात दिवस घालवले, आणि त्यांच्याच सांगण्यावरून आरएमआयआयच्या डेटा लाइन्स ०.१ मिलिमीटरपर्यंत लेंग्थ-मॅच करण्यात, म्हणजे सारख्या लांबीच्या करण्यात, आणखी दोन. ०.१ मिलिमीटर म्हणजे १ पिकोसेकंदाहूनही कमी. आरएमआयआयला क्लॉकच्या आधी डेटा स्थिर राहण्याचा वेळ (सेटअप) ४ नॅनोसेकंद आणि नंतरचा (होल्ड) २ नॅनोसेकंद लागतो, पिरियड २० चा. त्या नागमोडी ट्रेसची गरजच नव्हती. डीडीआरमध्ये लेंग्थ-मॅचिंग हवंच, पण किती हवं ते टायमिंगच्या गणितातून काढा, नजरेला सुबक दिसावं म्हणून नको. कारण न सांगता नियम सांगणाऱ्याला नम्रपणे "का?" विचारा. राग आला तरी विचारा.

दुरुस्ती अवघड नव्हती, हे मुद्दाम सांगते. व्हिया दोन-दोनच्या गटांत विखुरले आणि मधून प्लेनला वाट ठेवली. आतल्या लेयरवरचे न लागणारे पॅड काढले आणि ०.३ च्या ड्रिलभोवती ०.२ चा क्लिअरन्स ठेवला, म्हणजे भोक ०.७ चं झालं. हा आकडा तुमच्या फॅबला, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला, विचारूनच ठरवा, ड्रिल ते कॉपर किती अंतर त्यांना झेपतं ते तेच सांगतील. स्टॅकअप, म्हणजे थरांची रचना आणि जाडी, हाही लेआउट सुरू करण्याआधी त्यांच्याकडूनच घ्या. डायलेक्ट्रिकची (थरांमधल्या इन्सुलेशनची) जाडी माहीत नसताना इम्पिडन्स कॅल्क्युलेटरमध्ये आकडे भरण्याला अर्थ नाही. बाहेरच्या लेयरवर ५० ओमसाठी ट्रेसची रुंदी जाडीच्या साधारण दुप्पट येते. यापेक्षा फारच वेगळा आकडा आला तर काहीतरी चुकीचं भरलंय.

हाच परतीचा प्रश्न लेयर बदलतानाही विचारायचा. सिग्नल व्हियातून खाली गेला, मग त्याचा रिटर्न एका प्लेनवरून दुसऱ्यावर कसा जाणार? दोन्ही प्लेन ग्राउंड असतील तर शेजारी एक ग्राउंड व्हिया द्या. एक ग्राउंड आणि एक पॉवर असेल तर जवळ कपॅसिटर हवा. माझ्यासारख्या चार लेयरच्या बोर्डात वरून तळाला जाणाऱ्या प्रत्येक वेगवान ट्रेसला हे लागू होतं, म्हणून क्लॉक शक्यतो वरच्यावरच न्या. आणि अॅनालॉग-डिजिटल ग्राउंड वेगळे करण्याच्या फंदात पडू नका. पार्ट्स वेगवेगळ्या भागांत मांडा, प्लेन एकच राहू द्या.

क्लॉकला २२ किंवा ३३ ओमचा सीरिज रेझिस्टर ड्रायव्हरला चिकटून ठेवा. दूरच्या टोकाला ठेवला तर उपयोग नाही. ऑसिलोस्कोपवर रिंगिंग (सिग्नल बदलल्यावर होणारी थरथर) दिसलं तर आधी प्रोबची लांब ग्राउंड क्लिप काढून छोटी स्प्रिंग लावा. ती वायर आणि प्रोबची कपॅसिटन्स मिळून दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपास स्वतःच वाजते, आणि नवखे आठवडाभर नसलेल्या दोषाच्या मागे धावतात.

ट्रेस आपोआप काढणाऱ्या ऑटोराउटरवर वेगवान नेट्स सोडू नका, यावर माझं मत बदलणार नाही. चिप कंपनीचं नमुना म्हणून दिलेलं रेफरन्स डिझाइन वापरा, पण ते सहा लेयरचं असेल आणि तुमचा बोर्ड चारचा, तर ट्रेसची मांडणी उचलून फायदा नाही, खालचे प्लेन बदललेले असतात. पीसीआय एक्सप्रेस किंवा डीडीआर४ पहिल्याच बोर्डावर घेऊ नका. आधी आरएमआयआय, मग यूएसबीची ९० ओमची ४८० मेगाबिटची जोडी, मग पुढे. महागडं सिम्युलेशन सॉफ्टवेअर हाताशी नाही म्हणून खचू नका. माझी चूक पकडायला एक प्रिंटआउट पुरला असता. प्रत्येक वेगवान नेट घ्या, त्याखालचा प्लेन एकटा चालू करा, आणि ट्रेसच्या टोकापासून सुरुवातीपर्यंत बोट उलटं फिरवा. शंभर नेट्स असतील तर अर्धा दिवस जाईल. जाऊ द्या.

मुलाखतीत बिघडलेल्या बोर्डाबद्दल विचारलं तर लपवू नका. मी हीच चीर फळ्यावर काढून दाखवली होती आणि पुढचा पाऊण तास समोरचे दोघे त्यावरच प्रश्न विचारत होते.

दुसऱ्या खेपेला टेस्ट रूममध्ये मी तोच लॅपटॉप घेऊन गेले. २५० मेगाहर्ट्झच्या जागी रेष सपाट होती. तिथे काही आहे का हे बघायला ऑपरेटरला मार्कर नेऊन ठेवावा लागला.