आधीच्या माणसाने सोडलेला लेथ: सामायिक वर्कशॉपमध्ये लाकूड कातताना

घरच्या लेथवर, म्हणजे लाकूड गोल फिरवून कातायच्या मशीनवर, रात्री जे जिथे सोडलं ते सकाळी तिथेच सापडतं. सामायिक वर्कशॉपचं तसं नाही. तुमच्या आधी कुणीतरी भोवरे कातून गेलेलं असतं आणि पट्टा ३००० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या, पुलीवर तसाच राहिलेला असतो. तुम्ही येता, वाडग्यासाठी २५ सेंटिमीटर व्यासाचा ओंडका चढवता आणि बटण दाबता. त्या ओंडक्याची कड ताशी १४० किलोमीटरने फिरायला लागते. तो नीट गोलही नसतो, तोललेलाही नसतो. नवशिक्यांचे मोठे अपघात असेही, पटाशी लाकडाला लागायच्या आधीच होऊ शकतात.

म्हणून प्लग काढलेला असताना दोन मिनिटं मशीनभोवती हात फिरवायचा. आधी पट्टा बघा. मोटरच्या लहान पुलीवरून स्पिंडलच्या, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या दांड्याच्या, मोठ्या पुलीवर गेलेला असेल तर वेग कमी, उलट असेल तर जास्त. वेगाचा नॉब असलेला लेथ असेल तर नॉब शून्यावर आणा. चकमध्ये, म्हणजे लाकूड पकडणाऱ्या जबड्यात, चावी राहिलेली नाही ना? चक उलटं फिरून निसटू नये म्हणून त्याला एक छोटा स्क्रू असतो, तो आवळलेला आहे ना? स्पिंडल अडकवणारी इंडेक्स पिन बाहेर ओढलेली आहे ना? दिशेचा स्विच पुढच्या बाजूला आहे ना? टेलस्टॉक (लाकडाच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा सरकता भाग) आणि टूल रेस्ट (पटाशी टेकवायची पट्टी) यांचे खटके हाताने ओढून बघा, कारण दिसायला घट्ट असलेला खटका पुष्कळदा अर्धाच बसलेला असतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट बघावी लागते. साध्या टॉगल स्विचवर चालणाऱ्या लेथची वीज गेली की मशीन थांबतं, आपण चहाला जातो, आणि वीज आली की ते आपोआप सुरू होतं. स्टार्टर असेल तर वीज गेल्यावर तो सुटतो आणि पुन्हा बटण दाबल्याशिवाय मशीन चालू होत नाही. तुमच्या वर्कशॉपमध्ये यापैकी कोणता आहे ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. टॉगल असेल तर वीज गेल्याक्षणी हात आधी स्विचवर गेला पाहिजे.

वेगाचा हिशेब

कारागिरांचा सर्वसाधारण ठोकताळा असा: व्यास इंचात घ्या, त्याला आरपीएमने गुणा, उत्तर ६००० ते ९०००च्या दरम्यान यावं. दहा इंची वाडग्याला म्हणजे ६०० ते ९००, दोन इंची दांड्याला ३००० ते ४५००. पण हे आकडे गोल झालेल्या, तोललेल्या लाकडासाठी आणि सरावलेल्या हातासाठी आहेत. शिकताना खालच्या आकड्याच्याही निम्म्याने सुरुवात करा. वेग दुप्पट झाला की सुटलेल्या तुकड्यातली ऊर्जा चौपट होते, त्यामुळे ‘थोडंसं वाढवून बघू’ इतकं साधं ते नसतं. मशीन थरथरायला लागलं तर वेग कमी करायचा. हाताने दाबून धरल्याने थरथर जात नाही.

सुरू करताना लाकडाच्या समोर उभं राहू नका. तुकडा सुटला तर तो फिरण्याच्या प्रतलातच उडतो, म्हणून बाजूला उभं राहून बटण दाबा आणि पूर्ण वेग येईपर्यंत तिथेच थांबा. शेजारच्या बाकावर कोणी त्याच रेषेत काम करत असेल तर त्याला आधी सांगा. चेहऱ्यावर हनुवटीपर्यंत येणारी फेस शील्ड हवी. नुसत्या चष्म्याने डोळे वाचतात, पण जबडा उघडाच राहतो.

कपड्यांबाबत थोडक्यात सांगायचं तर लोंबणारं काहीच नको. ओढणी, सैल बाही, गळ्यातलं आयकार्ड, इअरफोनची वायर, अंगठी, बांगड्या, लांब मंगळसूत्र, सगळं काढून ठेवा. हातमोजेही नकोत, कारण मोज्याचं टोक अडकलं की मागोमाग हात जातो. केस घट्ट बांधून टोपीत घाला. २०११च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये रात्री एकटीच काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीचे केस धातूच्या लेथमध्ये अडकले आणि तिचा जीव गेला. लाकडाच्या लेथलाही हाच धोका आहे. वर्कशॉपात दुसरं कोणी नसेल तर लेथ सुरूच करू नका.

लाकूड

पहिल्या जॉबसाठी, म्हणजे कातायच्या पहिल्या वस्तूसाठी, सरळ रेषांचं, गाठ नसलेलं लाकूड घ्या. जुन्या वाड्याच्या तुळईतला साग स्वस्तात मिळतो आणि मोहात पाडतो, पण त्यात खिळे असतात. आधी चुंबक फिरवून बघा. भेग, सुटी गाठ किंवा आत शिरलेली साल दिसली तर तो तुकडा सरपणात टाका. डिंकाने जोडलेलं लाकूड किमान २४ तास शिकंजात राहिल्याशिवाय लेथवर चढवू नका.

पहिला जॉब: लाटणं

लाटण्यात लेथकामाच्या बहुतेक मूळ गोष्टी येतात. शिसमचा ४० बाय ४० मिलिमीटरचा, ३५ सेंटिमीटर लांबीचा चौरस तुकडा घ्या. दोन्ही टोकांवर कर्ण आखा, छेदबिंदूवर पंचने खूण करा. एका टोकाला कर्णावरूनच करवतीने ३ मिलिमीटर खोल फुली पाडा. लाकडात रुतून त्याला फिरवणारं काटेरी ड्राइव्ह सेंटर मशीनमधून काढून बाकावर ठेवलेल्या लाकडात लाकडी हातोड्याने ठोका. लेथवर चढवून ठोकलंत तर बेअरिंग खराब होतं, आणि सामायिक मशीनचं बेअरिंग बदलायचं म्हणजे सगळ्यांचं काम अडतं.

दुसऱ्या टोकाला रिव्हॉल्व्हिंग सेंटर, म्हणजे लाकडाबरोबर फिरणारं टोक, लावा, टेलस्टॉकचं चाक फिरवून ते लाकडात रुतवा, क्विल (चाकाने पुढे-मागे सरकणारी नळी) लॉक करा. पाच मिनिटं काम झालं की मशीन थांबवून ते पुन्हा आवळा. टोकाशी लाकूड दबतं आणि पकड ढिली पडते. हे कोणी सांगत नाही आणि मग जॉब मधूनच निसटतो.

टूल रेस्ट लाकडाच्या कोपऱ्यांपासून ५ मिलिमीटरवर आणा आणि लाकूड हाताने एक पूर्ण फेरी फिरवा. कुठे अडलं तर रेस्ट थोडा मागे घ्या. हे अंतर इतकं कमी का, तर तो तरफेचा मामला आहे. समजा धारेवर २० किलोचा झटका बसला आणि तुमचा हात रेस्टच्या ३०० मिलिमीटर मागे आहे. धार रेस्टच्या १० मिलिमीटर पुढे असेल तर हाताला पाऊण किलोहूनही कमी जोर लागतो. ती ६० मिलिमीटर पुढे असेल तर ४ किलो, तेही अचानक. लाकूड बारीक होत जाईल तसं हे अंतर वाढत जातं, म्हणून दर थोड्या वेळाने रेस्ट पुढे घ्यावा लागतो. दर वेळी मशीन थांबवून. चालत्या लेथवर रेस्ट सरकवणं ही जुन्या हातांनाही असलेली वाईट खोड आहे, ती उचलू नका.

वेग ८००. रफिंग गाउज, म्हणजे मोठी गोल पटाशी, आधी रेस्टवर टेकवा, मग तिच्या धारेमागचा तिरपा ढाळ लाकडावर टेकवा, आणि मागची मूठ हळूहळू उचला म्हणजे धार आपोआप लाकडात उतरते. हा क्रम मोडला, म्हणजे रेस्टला टेकण्याआधीच धार लाकडाला लागली, की पटाशी खाली आपटते आणि बोटं मध्ये सापडतात. सुरुवात टोकापासून ५ सेंटिमीटर आत करा आणि टोकाकडे कापत बाहेर पडा, मग थोडं आणखी आत येऊन पुन्हा तसंच. बाहेरून आत शिरलात तर लांब फाळका सुटून तोंडावर येतो. कोपरे असेपर्यंत तडतड आवाज येतो, गोल झालं की तो सरसर होतो. सराव झाला की न बघताही कानाला कळतं.

गोल झाल्यावर वेग १२०० करा. मधली जाडी ३२ मिलिमीटर ठेवा, जाडी मोजायचा कॅलिपर लावताना मशीन बंद. उतार देताना नेहमी जाडीकडून बारीककडे कापा, कारण त्या दिशेने प्रत्येक तंतूला खालच्या तंतूचा आधार असतो. उलट दिशेने तंतू उचकटतात. स्क्यूने, म्हणजे तिरप्या धारेच्या पटाशीने, साफ करायला गेलात तर धारेचा मधला किंवा त्याखालचा भागच लाकडाला लागू द्या. वरचं लांब टोक लागलं की स्क्यू गचका खातो आणि लाकडावर मळसूत्रासारखी खोल चीर पाडतो. गचका बसला की पटाशीशी झुंजू नका. मागे व्हा, मशीन थांबवा, लाकडाला भेग गेली का आणि सेंटर सैल झालं का ते बघा.

टोकं लेथवर पूर्ण तोडू नका. ८ ते १० मिलिमीटरची मान ठेवा आणि मशीन थांबवून हातकरवतीने कापा.

पॉलिश पेपर घासताना टूल रेस्ट काढून टाका. पेपर बोटांभोवती न गुंडाळता लाकडाच्या खालच्या बाजूने, जिथून ते तुमच्यापासून दूर जातं तिथे, हलकेच धरा. ८०, १२०, १८०, २४० नंबर पुरे. तोंडाला एन-९५ मास्क हवा. लाकडाची धूळ १९९५पासून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे कर्करोगाला कारणीभूत ठरलेल्या पदार्थांत आहे. आयटीआयमधून लोखंडाच्या लेथवर शिकून आलेल्यांना हाताशी कॉटन वेस्ट ठेवायची सवय असते. इथे ती फिरत्या जॉबला लावू नका, तेल लावायला टिश्यू पेपर घ्या. तो फाटतो, बोट ओढत नाही. जवसाचं तेल वापरलंत तर तेलकट बोळे ढिगात टाकू नका, ते आपोआप तापून पेटू शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

दोन हत्यारांबद्दल

रफिंग गाउज वाडग्यावर वापरू नका. मुठीत शिरणारं तिचं शेपूट चपटं आणि अरुंद असतं आणि वाडग्यातल्या आडव्या तंतूंच्या झटक्याने ते तुटतं. दुसरं, जुन्या कानशीला धार लावून केलेली पटाशी. भंगारातून स्वस्तात होते म्हणून अनेक वर्कशॉपांत एखादी पडलेली असतेच. कानस कडक पण ठिसूळ असते, गचक्याला मधोमध मोडते. ती हातात घेऊ नका. कोणी ‘आम्ही वर्षानुवर्षं वापरतोय’ म्हटलं तरी.

निघताना

पट्टा सगळ्यात कमी वेगाच्या पुलीवर, नॉब शून्यावर, प्लग बाहेर. चकची चावी तिच्या खुंटीवर. बेडवरचा भुसा ब्रशने काढा, कारण पावसाळ्यात ओला भुसा एका रात्रीत बिडाला गंज चढवतो, आणि कापडाने मशीन ऑइलचा हलका हात फिरवा. धार बोथट झालेली पटाशी गुपचूप रॅकमध्ये न ठेवता तिला धार लावून ठेवा किंवा खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळा. खरखर करणारं बेअरिंग, न लागणारा खटका, तडकलेली शील्ड, जे काही दिसलं असेल ते तारखेसह फळ्यावर लिहा, आणि मशीन वापरण्यासारखं नसेल तर स्विचवर ‘बंद’ची पाटी अडकवून मगच बाहेर पडा.